पुरात बुडालेली डॉज: आधी चाकं आणि ब्रेक, इंजिन शेवटी

प्रश्न सांगलीवाडीच्या एका तरुणाचा आहे. आजोबांनी खाणीच्या कंत्राटदाराकडून घेतलेली, दुसऱ्या महायुद्धातली डॉज वेपन्स कॅरियर, म्हणजे अमेरिकन लष्करी गाडी, त्यांच्या गोठ्यामागच्या शेडमध्ये उभी आहे. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात ती बॉनेट बुडेपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर पाइपने धुतली, ताडपत्री टाकली, तेव्हापासून तशीच आहे. इंजिन जाम. जवळचा गॅरेजवाला म्हणतो, टेम्पोचं डिझेल इंजिन टाकून दोन महिन्यांत चालू करून देतो. त्यांना विचारायचं आहे की सुरुवात कुठून करावी, डिझेल इंजिन टाकावं का, आणि मिलिटरीचाच हिरवा रंग परत देता येईल का.

मी सातारा तालुक्यातला. सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, गाड्यांवरच हात चालवले, निवृत्तीनंतर साताऱ्यात वर्कशॉप टाकलं. नोकरीत जास्त काम शक्तिमान, निस्सान वन टन आणि जोंगा या लष्करी गाड्यांवर झालं. डॉज आणि विलीज आमच्या आधीच्या पिढीच्या. त्या मी एका म्हाताऱ्या उस्तादांकडून शिकलो आणि नंतर इथे येऊन स्वतः उघडल्या. आपशिंगे मिलिटरी, कोरेगाव, कराड, तासगाव, अशा भागांतून अजूनही या गाड्या शेडमधून निघतात, कारण युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये विकलेली वाहनं खाणवाले, लाकूडवाले आणि कंत्राटदार यांनीच घेतली होती. तुमच्या गाडीचा प्रवास तसाच झालेला दिसतो.

आधी दोन गोष्टी. गॅरेजवाल्याला आज नाही म्हणा. आणि गाडी शेडबाहेर ओढू नका, सेल्फ मारू नका, हँडल फिरवू नका.

कारण सांगतो. गाडीतलं प्रत्येक ऑइल सील आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून बसवलेलं असतं, त्याचा ओठ आतल्या बाजूला असतो. बाहेरचं पाणी अडवणं हे त्याचं कामच नाही. बॉनेट बुडेल एवढं पाणी काही दिवस उभं राहिलं की ते सीलमधून, हाउसिंगच्या (एक्सलच्या लोखंडी पेटीच्या) ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, गिअर लिव्हरच्या बुडातून हळूहळू आत जातं. कृष्णेचं पाणी नुसतं येत नाही, सोबत मळी, म्हणजे बारीक गाळ, आणतं. वांगी-ऊस काढायला ती मळी सोन्यासारखी, पण बेअरिंगमध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. तुम्ही पाइपने धुतली तेव्हा बाहेरची मळी गेली. हबमध्ये, नकलमध्ये (पुढचं चाक जिथे वळतं त्या सांध्यात), गिअरबॉक्समध्ये शिरलेली आतच आहे. सहा वर्षांत पाणी उडून गेलं असेल, पण मळी आणि गंज एकत्र घट्ट झालेत. अशा अवस्थेत गाडी ट्रॅक्टरला बांधून पन्नास फूट ओढली तर पन्नास फुटांत आठ बेअरिंगं खराब होतात. आज ती धुऊन वाचतील, ओढल्यावर नाही.

म्हणून कामाचा क्रम खालून वर ठेवायचा. चाकं, हब, ब्रेक, मग हाउसिंग, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), गिअरबॉक्स, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात. इंजिनचा आवाज ऐकायची घाई असते. इंजिन सुरू झालं की गाडी हलवून बघावीशी वाटते, आणि तिला ब्रेक नसतात.

गाडीची ओळख थोडक्यात. तुमची डॉज पाऊण टनी मालिकेतली, 1942 ते 1945 दरम्यान बनलेली. या मालिकेच्या अडीच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. पुढे बंपरमागे विंच (तार गुंडाळून ओढणारं यंत्र) असेल तर डब्ल्यूसी-52, नसेल तर डब्ल्यूसी-51. स्टिअरिंग डावीकडे. इंजिन सहा सिलिंडरचं, पेट्रोल, साइड व्हॉल्व्ह, 230 घनइंच म्हणजे 3,772 सीसी, 92 हॉर्सपॉवर. चारही चाकांना ताकद जाते, हाउसिंगचा रेशो 5.83, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.83 फेरे, त्यामुळे ओढायला दांडगी पण वेगाला मर्यादित. युद्धकाळातलं तिचं दुरुस्ती पुस्तक टीएम 9-808 या क्रमांकाचं आहे. ते मिळवा, छापून घ्या आणि तेलकट हातांनी वापरा. सैन्यासाठी केलेली गाडी असल्यामुळे ती मैदानात, झाडाखाली, साध्या हत्यारांनी उघडता यावी अशीच रचलेली आहे. मला या गाड्यांबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या गोष्टीचा. जिथे पाना लागायला हवा तिथे पान्याला जागा ठेवलेली आहे. आजच्या गाड्यांत ती मिळत नाही.

काम सुरू करण्याआधी आठवडाभर फक्त फोटो काढा. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, प्रत्येक स्प्लिट पिन कुठल्या बाजूने वाकवली आहे, कुठल्या बोल्टला वायसर दोन आहेत. डबे घ्या, प्रत्येकावर कागद चिकटवा: डावा पुढचा हब, उजवा मागचा ब्रेक. दीड-दोन वर्षांनी जोडायला बसाल तेव्हा आठवण कामाला येत नाही, कागद येतो.

आता चाकं, आणि इथे नीट वाचा, कारण हा जिवाचा मामला आहे. या गाडीच्या रिंगा कॉम्बॅट रिम आहेत. रिम दोन भागांत असते आणि ते दोन भाग बाहेरच्या गोलातल्या नट-बोल्टने एकमेकांना आवळलेले असतात. आतला गोल पाच मोठ्या नटांचा, तो चाक हबला धरतो. पंक्चरवाल्या पोराला हा फरक माहीत नसतो. टायरमध्ये हवा असताना त्याने बाहेरच्या गोलाचे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. माणूस जागेवर जातो. टायर चपटा दिसला तरी आत हवा नाही असं समजू नका. आधी व्हॉल्व्हमधली पिन काढा, तारेने आतलं तोंड मोकळं आहे का बघा, कारण मळीने ते बुजलेलं असू शकतं, आणि हवा पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच पुढे जा. चाक हबवरून काढतानासुद्धा मी हवा सोडूनच काढतो, म्हणजे पाना चुकून बाहेरच्या गोलावर लागला तरी धोका नाही. आणखी एक: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर ते आणखी आवळले जाऊन स्टड तुटतील.

गाडी उचलताना हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर आहे. मागचं एक चाक जमिनीवरून उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि त्याच्यासोबत दुसरंही सरकू शकतं. हँडब्रेक ओढलेला असतो आणि गाडी तरीही जाते. प्रोपेलर सोडला तर हँडब्रेक उरतच नाही. माझ्या वर्कशॉपमध्ये अशाच रचनेच्या एका गाडीचा मागचा प्रोपेलर सोडला होता आणि पुढच्या चाकांना लावलेले दगड कोणीतरी झाडताना बाजूला केले होते. आमच्या अंगणाला उतार आहे. गाडी आवाज न करता निघाली आणि भिंतीला लागली. मध्ये कोणी नव्हतं म्हणून ती नुसती भिंत पडली. तेव्हापासून चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, आणि ते हलवायचा अधिकार फक्त मला. तुम्हीही चासीखाली जाड लाकडाचे किंवा लोखंडी घोडे लावा. विटांवर आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका.

हब उघडणं सोपं आहे. मागचा अक्स (एक्सल) फुल फ्लोटिंग आहे, म्हणजे हबच्या तोंडावरचे नट काढले की अक्स शाफ्ट सरळ बाहेर येतो, गाडीचं वजन त्याच्यावर नसतंच. आत मोठा नट, लॉक वायसर, परत नट. याला छिन्नी-हातोडा लावू नका. खोल पाना मिळत नसेल तर जाड पाइपला तोंड कापून बनवून घ्या, कुपवाडच्या एमआयडीसीत अर्ध्या दिवसाचं काम आहे. प्रत्येक हबमध्ये दोन टेपर बेअरिंगं. रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशने घासून, वाळवून उजेडात बघायची. बेअरिंगचे नंबर त्यांच्यावर कोरलेले असतात आणि बरीचशी मापं आजही बाजारात चालू आहेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

पुढचं हाउसिंग जास्त वेळ खातं. तिथे प्रत्येक टोकाला बंद गोल नकल आहे आणि आत सतत एकसारखा फिरणारा जॉइंट. बेंडिक्स जातीचा जॉइंट असेल तर त्यात पोलादी गोळ्या असतात. डावीकडच्या गोळ्या डावीकडेच आणि त्याच खाचेत परत जायला हव्यात, त्या एकमेकांत मिसळल्या तर स्टिअरिंग वळवताना कचकच येते आणि मग कोणी कितीही ग्रीस भरलं तरी ती जात नाही. नकलचे फेल्ट आणि सील नवीन घाला. गोलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे असतील तर नवीन सील महिनाभरात फाटतं. ते खड्डे भरून, घासून, गुळगुळीत करून मगच सील बसवायचं.

हाउसिंग, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचे ड्रेन प्लग सोडताना खाली पसरट घमेलं ठेवा आणि घाईने ओतू नका. पाणी तेलापेक्षा जड, ते आधी येतं. किती आलं ते बघा. नुसतं पाणी येऊन मग स्वच्छ काळं तेल आलं तर गिअर वाचले आहेत. ताकासारखं पांढरट तेल आलं तर ते आत कालवलं गेलं आहे, म्हणजे पुरानंतर कोणीतरी गाडी हलवली आहे. घरात विचारा, पोरांनी ढकलली असेल. वरची झाकणं काढून दातांवर गंजाची रेघ आहे का बघा. पाण्याची पातळी जिथे उभी होती तिथे ती रेघ नेमकी उमटते. हलका गंज असेल तर डिझेलने दोनदा धुवा, स्वच्छ तेल भरा, हाताने फिरवा, काढून टाका, परत भरा. तेल 90 नंबरचं, जीएल-4 दर्जाचं. बाजारात सहज मिळणारं जीएल-5 जुन्या पितळी बुशांना काळं पाडतं, ते गिअरबॉक्समध्ये नको.

ब्रेक हायड्रॉलिक आहेत आणि सगळ्या गाडीला एकच लाइन. एका चाकाचा रबरी वायसर गेला की चारही ब्रेक जातात. म्हणून इथे जुनं काहीही वाचवायचं नाही. होज पाइप नवीन, लोखंडी पाइप नवीन, रबर किट नवीन. साधा तांब्याचा पाइप कोणी सुचवला तर ऐकू नका, तो कंपनाने चिरतो. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरच्या बोअरमध्ये खड्डे पडले असतील तर नवीन शोधत बसण्यापेक्षा लेथवर मोठे करून आत पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह घालून घ्या आणि मूळ मापाला होन करा, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करा. हे काम सांगली जिल्ह्यात चांगलं होतं. किर्लोस्करवाडीला 1910 पासून लोखंड ओतलं आणि कातलं जातं, साखर कारखान्यांची वर्कशॉप आहेत, त्यामुळे मापाला पक्का हात असलेला एखादा निवृत्त टर्नर तुमच्या चार गल्ल्यांत नक्की असेल. अशा माणसाला शोधा. नवीन पार्टपेक्षा तो जास्त उपयोगाचा आहे.

ब्रेक ड्रम उघडताना कंप्रेसरने धूळ उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं आणि ते फुफ्फुसात गेलं की कायमचं बसतं. पाण्याने भिजवून, ओल्या कापडाने पुसून, कापड पिशवीत बांधून टाका. आम्ही तरुणपणी हे कधी केलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

आता इंजिन.

साइड व्हॉल्व्ह इंजिनची चांगली गोष्ट म्हणजे त्याचं हेड म्हणजे नुसतं झाकण. व्हॉल्व्ह, स्प्रिंग, टॅपेट सगळं ब्लॉकमध्ये. प्लगच्या भोकातून अॅसिटोन आणि तेलाचं मिश्रण ओतून महिनाभर वाट बघणारे लोक आहेत, मी हेड काढतो. जाम का आहे हे डोळ्यांनी दिसतं, अंदाज करावा लागत नाही. हेडचे काही बोल्ट पाण्याच्या जॅकेटपर्यंत उतरलेले असतात, ते गंजाने धरतात. रोज थोडं गंज सोडवणारं तेल, मधून मधून टॉर्चने गरम, आणि पाना लावून आधी आवळण्याच्या दिशेने किंचित, मग सोडण्याच्या. आठ दिवस लागू द्या. बोल्ट तुटला तर ड्रिल करण्यात त्याच्या दुप्पट जातात.

हेड निघाल्यावर दोन गोष्टी बघा. पहिली, कोणते व्हॉल्व्ह उघडे राहून अडकलेत. इंजिन थांबलं तेव्हा ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा होता त्यातच पाणी शिरलं, बाकीचे बहुधा कोरडे निघतात. म्हणून सहापैकी दोन किंवा तीन बोअर खराब आणि बाकी चकचकीत असं चित्र नेहमी दिसतं. दुसरी, व्हॉल्व्ह सीट आणि बोअर यांच्यामध्ये तडा आहे का. रॉकेल लावून पुसा, वर खडूची भुकटी घासा, तडा असेल तर ओली रेघ उमटते. तडा नसला तर तुमचं इंजिन वाचलं म्हणून समजा.

सम्प, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, खाली उतरवा. तळाशी मळीचा पोळीसारखा थर मिळेल, तो बघितल्यावर तुम्हाला कळेल की मी सेल्फ मारू नका का म्हणालो. ऑइल पंपाने तो थर उचलून थेट क्रँकच्या बेअरिंगमध्ये नेला असता. पिस्टन खालून लाकडी दांड्याने ठोकून वर काढायचे, त्याआधी बोअरच्या वरच्या कडेची रिज, म्हणजे झिजेने उरलेली कड, घासून काढा, नाहीतर रिंगा तुटतात. मग बोअरचं माप घ्या, रीबोअर लागेल का ते ठरवा, क्रँकला खड्डे असतील तर ग्राइंड.

आणि एक जागा अशी आहे जिच्याबद्दल नवीन मेकॅनिकला कोणी सांगत नाही. वॉटर पंप काढला की ब्लॉकच्या आत एक लांब चपटी नळी दिसते, पाणी वाटपाची. तिला भोकं असतात आणि प्रत्येक भोक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटसमोर येतं. रेडिएटरकडून आलेलं थंड पाणी ती शेवटच्या सिलिंडरपर्यंत पोहोचवते. ही नळी पत्र्याची असते आणि आतून कुजते. कुजली की पुढचे सिलिंडर गार आणि पाचवा-सहावा तापलेला. टेम्परेचरचा काटा मात्र तेव्हाही सगळं ठीक सांगू शकतो. रीबोअर, नवीन पिस्टन, सगळं केलेलं इंजिन उन्हाळ्यात एखादा घाट चढताना मागच्या सिलिंडरला चिकटलं, आणि कारण ही नळी, असं मी पाहिलेलं आहे. ती आकड्याने ओढून बाहेर काढायला एक अख्खा दिवस जातो, कधी तुकड्यांत निघते. पितळी पत्र्याची नवीन करून घ्या, भोकांची जागा जुनीवरून अचूक मोजून. ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग (पत्र्याची गोल बुचं) काढून जॅकेटमधली मळी तारेने खरवडून, उलट्या दिशेने पाणी मारून धुवा. ते पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत थांबायचं नाही. बादल्या मोजू नका.

डिझेल इंजिनचं विचारलं आहे. मी नको म्हणेन, आणि नुसत्या प्रेमापोटी नाही. टेम्पोचं इंजिन बसवायला चासीचे माउंटिंग कापावे लागतात, बेल हाउसिंगला प्लेट वेल्ड करावी लागते, स्टिअरिंगचा रॉड हलवावा लागतो. एकदा कापलेली चासी परत मूळ होत नाही. 5.83 रेशोच्या हाउसिंगवर ते इंजिन कायम ओरडत राहतं. आणि तिसरं कागदाचं कारण आहे. 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी आणि चारचाकी वाहनं त्यात बसतात. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शनं, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते. तुमच्या गाडीत टेम्पोचं इंजिन आलं की मूळ स्वरूप संपलं. आजोबांच्या नावचं जुनं आरसी बुक आधी शोधा. कंत्राटदाराच्या काळात ती मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर तो विषय आरटीओत आधी मोकळा करून घ्या, मग पुढचा खर्च करा. ब्लॉकच्या डाव्या बाजूला टी214 ने सुरू होणारा नंबर ठोकलेला असतो, तो आणि चासीचा नंबर कागदाशी जुळतो का बघा.

वायरिंगवर फार लिहीत नाही. पाण्यात भिजलेली कापडी वायर सगळी फेकायची. विद्युत रचना सहा व्होल्टची आहे, ती कमजोर म्हणून लोक बदनाम करतात. सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो, म्हणून बॅटरीची केबल बोटाएवढी जाड हवी आणि अर्थिंगच्या जागा रंग खरवडून लख्ख. आजच्या बाजारातली बारा व्होल्टची पातळ केबल लावली तर सेल्फ कण्हत फिरतो. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग), फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4.

पेट्रोलबद्दल मात्र सावध राहा. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. जुनी रबरं, पंपाचा डायफ्रॅम आणि कॉर्क त्याने फुगतात किंवा विरघळतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. इथेनॉलला टिकणारा डायफ्रॅम आणि पाइप घाला, टाकी आतून साफ करून घ्या, आणि महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

रंगाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 121 व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांशिवाय कोणालाही वापरता येत नाही. रस्त्यावर आणायची गाडी त्या रंगात रंगवू नका. वाळवंटी पिवळसर किंवा मातकट तपकिरी रंग त्या काळच्या लष्करी वाहनांवरही होते, त्यांत गाडी शोभते आणि खोटीही वाटत नाही. बाणाचं चिन्ह असलेला लष्करी नंबर नंबरप्लेटच्या जागी लावू नका, तो सैन्याचा आहे.

पण रंग खरवडण्याआधी एक काम करा. सँडब्लास्टिंगवाल्याला गाडी देऊ नका, अजून नाही. बॉनेटची बाजू, दार नसलेल्या जागेखालचा पत्रा आणि मागचा फळका, या तीन ठिकाणी हातभर जागा घेऊन सहाशे नंबरचा पाण्याचा पेपर हलक्या हाताने गोल गोल फिरवा. एकेक थर उतरत जाईल. कंत्राटदाराचा निळा किंवा पिवळा, त्याखाली कदाचित आणखी एक, आणि सगळ्यात खाली सैन्याचा. मधेच एखादा आकडा, ताऱ्याची कड, युनिटच्या खुणेचा तुकडा दिसू लागतो. कराडच्या एका गाडीच्या फळक्यावर मला असाच अर्धा पांढरा आकडा सापडला होता. मालकाचे वडील स्वतः ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ड्रायव्हर होते. ते दहा मिनिटं त्या आकड्यावर हात ठेवून बसले, बोलले काही नाही. त्या जागेवर आम्ही रंग दिला नाही, नुसतं लाखेचं पारदर्शक आवरण दिलं. ब्लास्टिंगने हे सगळं दोन मिनिटांत जातं आणि पातळ पत्रा वाकतो तो वेगळाच. ब्लास्टिंग करायचंच तर चासीला करा, हाउसिंगची सगळी तोंडं घट्ट बंद करून, नाहीतर वाळू आत जाऊन मळीपेक्षा वाईट करेल.

डॅशबोर्डवरच्या पितळी पाट्या मात्र पॉलिश करू नका. एकीवर गाडी सैन्याला दिल्याची तारीख ठोकलेली असते, घासून घासून ती अक्षरं जातात.

गाडी तयार झाल्यावर तिला नुसती सुरू करून दहा मिनिटं घरघरत ठेवण्याची सवय लावू नका. थंड इंजिन तेवढ्यात तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि सम्पमध्ये पाणी साचतं. पंधरा दिवसांतून एकदा हरिपूरपर्यंत किंवा जिथे रहदारी कमी असेल तिथे अर्धा तास चालवा, सगळे गिअर, पुढचा अक्स जोडून-सोडून, ब्रेक पाचसहा वेळा जोरात. ग्रीसच्या निप्पलना पाटे आणि शॅकलपासून सुरू करून एका ठरलेल्या क्रमाने ग्रीस, जुनं काळं बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत.

सांगलीवाडीत राहता म्हणून आणखी एक. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. तुम्ही गाडीसाठी 40 फूट हीच शेवटची रेघ धरा. पाणी तिथे पोहोचायच्या आत, रस्ता कोरडा असताना, गाडी विश्रामबागकडे किंवा मिरजेकडे उंचावर नेऊन ठेवण्याची जागा जूनमध्येच बोलून ठेवा. त्या वेळी घरची माणसं आणि जनावरं हलवायची असतात, गाडीचा विचार करायला कोणाला वेळ नसतो. आणि चालू अवस्थेतली डॉज तुमच्याकडे असेल तर घरचं बरंच सामान एका खेपेत तिच्यात बसतं.

येत्या सुट्टीला एवढंच करा. ठोकळे लावा, डाव्या पुढच्या चाकाची हवा सोडा, उलटे आटे लक्षात ठेवून चाक काढा आणि हबचं बाहेरचं बेअरिंग बाहेर घ्या. रॉकेलने धुऊन, वाळवून पांढऱ्या कापडावर ठेवा आणि दिवसाच्या उजेडात जवळून फोटो काढून पाठवा. रोलर नुसते काळवंडले असतील तर ठीक. रोलरच्या अंतरावर आडव्या गंजाच्या रेघा असतील तर ते बदलायचं, आणि मग बाकीच्या सात बेअरिंगांची यादी घेऊन मी तुम्हाला मापं लिहून देईन.